आवाज कुलूपबंद, गप्पा मोकळ्या

एडिसनहून सकाळच्या ट्रेंटन गाडीत बसलं की पुढचंच स्टेशन न्यू ब्रन्सविक. रटगर्स विद्यापीठाचं गाव. गेल्या हिवाळ्यात याच गाडीत मी पॉल रोबसन या कृष्णवर्णीय अमेरिकन नट-गायकावरचा एक पॉडकास्ट ऐकत होतो. दोन निवेदक, दोघेही अभ्यासू, तयारी करून बसलेले. रोबसनचा आवाज किती खोल होता, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत तो कसा घुमायचा, हे ते जीव ओतून सांगत होते. जाताना अर्धा भाग ऐकला, येताना अर्धा. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा जाणवलं की एका आवाजाबद्दल तासभर ऐकलं आणि तो आवाज एकदाही कानावर पडला नाही. शेवटी निवेदकांनी एवढंच सांगितलं होतं की रोबसनची रेकॉर्डिंग्ज जमल्यास स्वतः शोधून ऐका.

तेव्हापासून मी इतर पॉडकास्टही त्याच कानाने ऐकायला लागलो. नाटकांवरचे, बेसबॉलवरचे, फुटबॉलवरचे, अमेरिकन इतिहासावरचे, जुन्या टीव्ही मालिकांवरचे. बहुतेक ठिकाणी हीच गत. बोलणारे भरपूर, आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो मूळ आवाज गायब. लोकांना वाटतं पॉडकास्टवाल्यांना नुसत्या गप्पा मारायला आवडतं. मला ते पटत नाही. गप्पा मारायला परवानगी लागत नाही, पुरावा ऐकवायला लागते, हे खरं कारण आहे. ज्या माध्यमाचा सगळा जीव कानात आहे, त्याच्यापासून ऐकण्याजोगा इतिहासच कायद्याने दूर ठेवला आहे. हे बदललं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोबसनचंच उदाहरण घेतो, कारण नाटक, इतिहास, खेळ आणि लोकप्रिय संस्कृती हे चारही कप्पे या एका माणसात एकत्र येतात. जन्म १८९८, प्रिन्स्टन. वडील गुलामगिरीतून पळून आलेले, पुढे चर्चमध्ये धर्मोपदेशक झालेले. १९१५ साली शिष्यवृत्तीवर रटगर्समध्ये दाखल झाला, तेव्हा त्या विद्यापीठाच्या इतिहासातला तो जेमतेम तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी. अमेरिकन फुटबॉलच्या निवड-सरावात भावी सहकाऱ्यांनीच त्याचं नाक फोडलं. १९१६ साली दक्षिणेतल्या एका कॉलेजच्या संघाने काळ्या खेळाडूविरुद्ध खेळायला नकार दिला आणि रटगर्सने त्याला बाहेर बसवलं. त्यानंतर १९१७ आणि १९१८ अशी सलग दोन वर्षं तो देशातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूंमध्ये निवडला गेला. पुढे कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, आणि ती घेताघेता व्यावसायिक फुटबॉलही खेळला.

मग रंगभूमी. १९४३च्या ऑक्टोबरमध्ये ब्रॉडवेच्या शुबर्ट थिएटरात त्याचा 'ऑथेल्लो' उभा राहिला. डेस्डेमोना उटा हेगन, इयागो होजे फेरर, दिग्दर्शन मार्गारेट वेब्स्टर. २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरचं एकही नाटक सलग इतकं चाललेलं नाही. (आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी हेच नाटक १८९०मध्ये 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं होतं, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही.) प्रयोग ऐन भरात असताना, त्याच डिसेंबरात, रोबसन बेसबॉलच्या मालकांसमोर आणि आयुक्त लँडिस यांच्यासमोर उभा राहिला आणि काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगचे दरवाजे उघडा असं त्यांना तोंडावर सांगून आला. मोठ्या लीगमधली ही वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरायला अजून तीन वर्षांहून जास्त काळ होता. रात्री ऑथेल्लो, दिवसा बेसबॉलचा लढा. आता मला सांगा, हा भाग ॲपमध्ये कोणत्या रकान्यात टाकायचा, नाटकाच्या, खेळाच्या की इतिहासाच्या?

१९५० साली सरकारने त्याच्या डाव्या, रशियाकडे झुकलेल्या मतांमुळे त्याचा पासपोर्ट काढून घेतला. देशाबाहेर पाऊल टाकता येईना, आणि देशात सभागृहं मिळेनात. १९५६च्या जूनमध्ये संसदीय समितीने त्याला विचारलं, रशिया एवढा आवडला तर तिथेच का राहिला नाहीस? त्याने उत्तर दिलं की माझा बाप गुलाम होता, माझ्या माणसांनी हा देश उभारताना जीव दिला, मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच यात माझा वाटा असणार.

आणि मग टेलिफोन. अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली टेलिफोन केबल १९५६च्या सप्टेंबरात सुरू झाली होती. १९५७च्या मे महिन्यात लंडनच्या सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये सुमारे हजार माणसं जमली आणि न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या रोबसनने त्या तारेवरून गाणी म्हटली. ऑक्टोबरात वेल्समधल्या पोर्थकॉलला खाणकामगारांच्या मेळाव्यात तेच झालं. सभागृहात हजारो माणसं, मंचावर लाउडस्पीकर, आणि समुद्रापलीकडून येणारा आवाज. त्या खाणकामगारांनी उलट त्याच्यासाठी गाणं म्हटलं, तेही त्याच तारेवरून. माणसाला अडवलं तरी आवाज पोचला. पॉडकास्टची वंशावळ कोणी लिहायला घेतली तर तिची सुरुवात मी या प्रसंगापासून करीन.

या वसंतात हीच गोष्ट मी आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना सांगितली. रविवारी भरणारी शाळा, अकरा ते चौदा वयाची सात मुलं. त्यांनी ठरवलं की रोबसनवर मराठीतून एक पॉडकास्ट करायचा. बहुतेकांनी त्याचं नाव न्यू ब्रन्सविकच्या पाट्यांवर वाचलं होतं, पण तो कोण ते माहीत नव्हतं. महिनाभर खपून त्यांनी अठरा मिनिटांचा भाग केला. त्यात ऑथेल्लोच्या अखेरच्या भाषणातली चाळीस सेकंदं घातली, रोबसनच्या आवाजातली. निवेदन करणारी मुलगी तेरा वर्षांची. ती म्हणते, "ऐका," आणि तो आवाज येतो. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून ऐकलं तेव्हा वर्गात कोणी हललं नाही. एरवी याच मुलांना दोन मिनिटं गप्प बसवताना माझी दमछाक होते.

भाग एका ॲपवर चढवला. दुसऱ्या दिवशी तो उतरवला गेला होता. स्वयंचलित तपासणीत ते ध्वनिमुद्रण ओळखलं गेलं, हक्क राखीव आहेत, असा निरोप. पुढच्या रविवारी त्या मुलीने मला विचारलं, "काका, शेक्सपिअर कधी वारला?"

"१६१६."

"आणि रोबसन?"

"१९७६."

"मग आपण परवानगी कोणाकडे मागायची?"

तिला नीट उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले. ते उत्तर इथे मांडतो, कारण ते फक्त आमच्या शाळेपुरतं नाही.

शेक्सपिअरचे शब्द सर्वांचे आहेत. पण ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट वेगळा असतो, आणि अमेरिकेत १९७२पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना राष्ट्रीय कायदाच लागू नव्हता. ती वेगवेगळ्या राज्यांच्या कायद्यांखाली अडकली होती. मी राहतो त्या गावाला एडिसनचं नाव आहे, कारण त्याने १८७७मध्ये फोनोग्राफ बनवला ते मेन्लो पार्क याच गावाच्या हद्दीत येतं. आवाज पकडून ठेवण्याची कला इथे जन्मली, आणि २०२२चा जानेवारी उजाडेपर्यंत मुदत संपली म्हणून मोकळं झालेलं एकही प्रकाशित ध्वनिमुद्रण या देशात नव्हतं. एकशे चव्वेचाळीस वर्षं! २०१८च्या कायद्याने हे थोडं सैल केलं. १९२३पूर्वीची सगळी ध्वनिमुद्रणं २०२२ला खुली झाली. १९२३ ते १९४६ मधल्यांना शंभर वर्षं, १९४७ ते १९५६ मधल्यांना एकशे दहा, आणि त्यानंतर १९७२च्या फेब्रुवारीपर्यंतची सगळी २०६७पर्यंत बंद. रोबसनने १९२८ साली ध्वनिमुद्रित केलेलं 'ओल' मॅन रिव्हर' २०२९च्या १ जानेवारीला खुलं होईल. त्या गाण्याचे शब्द आणि चाल २०२३लाच खुली झाली आहेत, म्हणजे आमची मुलं ते गाणं गाऊ शकतात, त्याने गायलेलं वाजवू शकत नाहीत. १९४४ साली ध्वनिमुद्रित झालेला त्याचा ऑथेल्लो २०४०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बंद आहे. तोवर ती मुलगी तिशी ओलांडून गेलेली असेल.

समीक्षा, शिक्षण, भाष्य यांसाठी थोडा अंश वापरायची मुभा कायद्यात आहे, हे मला माहीत आहे. पण किती अंश? तीस सेकंदांपर्यंत चालतं असं सगळे सांगतात. असा नियम कुठेही लिहिलेला नाही. चार कसोट्या आहेत आणि त्या न्यायालयात लावायच्या असतात. वकील ठेवू शकणाऱ्या मोठ्या कंपनीला ही मुभा खरोखरची आहे. घरात बसून पॉडकास्ट करणाऱ्या निवृत्त शिक्षकाला ती नसल्यातच जमा, कारण ॲपची यंत्रणा कसोट्या लावत बसत नाही, ती आवाज जुळला की भाग काढून टाकते. २०१८च्या कायद्यात आणखी एक खिडकी आहे. जुनं ध्वनिमुद्रण बाजारात विकलं जात नसेल आणि तुमचा वापर पैशासाठी नसेल, तर आधी नीट शोध घ्यायचा, कॉपीराइट कार्यालयात नोटीस द्यायची, नव्वद दिवस थांबायचं, आणि मालकाने हरकत घेतली नाही तर वापरायचं. हेतू चांगला आहे. पण जे ध्वनिमुद्रण अजून कुठेतरी विकलं जातं त्याला ही खिडकी बंदच, आणि जुनी गाजलेली ध्वनिमुद्रणं आजकाल कुठल्या ना कुठल्या ॲपवर विक्रीला असतातच.

खेळातलं चित्र याहून वाईट आहे. १५ जानेवारी १९६७, लॉस एंजेलिस, पहिला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. ग्रीन बेने कॅन्सस सिटीला ३५–१० हरवलं. दोन राष्ट्रीय वाहिन्यांनी सामना थेट दाखवला आणि दोघींनीही टेप जपली नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाने मात्र तो टेपवर उतरवून घेतला होता. ती टेप कुटुंबाकडे पडून राहिली. पुढे ती न्यूयॉर्कच्या पेली सेंटर या प्रसारण-संग्रहालयाने दुरुस्त केली. त्यात काही भाग नाहीत, तरी त्या प्रक्षेपणाची जवळजवळ पूर्ण म्हणता येईल अशी ती एकमेव प्रत आहे. कुटुंबाने दहा लाख डॉलर मागितले, फुटबॉल लीगने तीस हजार देऊ केले, आणि बाहेर विकाल तर प्रक्षेपणाचा हक्क आमचा आहे असं बजावलं. टेप कुटुंबाची, तीवरचं चित्र आणि आवाज लीगचा. म्हणून ती पूर्ण टेप लोकांसमोर येत नाही. ज्यांनी जपलं नाही त्यांच्या बाजूने कायदा उभा, आणि ज्याने जपलं त्याचे हात बांधलेले. त्या सामन्यावर पॉडकास्टचे कितीतरी भाग ऐकायला मिळतात. सगळे आठवणींवर आणि वर्तमानपत्रांवर बेतलेले.

इतिहासाकडे वळलं तर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३चं भाषण. लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, अडीच लाख लोकांपुढे केलेलं. सीबीएस या टीव्ही वाहिनीने स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते चित्रण १९९०च्या दशकात एका माहितीपटात वापरलं, तर किंग यांच्या वारसदारांच्या संस्थेने खटला भरला. १९९९ साली अपील न्यायालयाने म्हटलं की लाखो लोकांसमोर भाषण केलं म्हणून ते सार्वजनिक मालकीचं होत नाही. पुढे तडजोड झाली. २०१४ साली किंग यांच्यावर आलेल्या मोठ्या चित्रपटात त्यांची भाषणं नव्याने रचून लिहावी लागली, कारण मूळ शब्दांचे हक्क दुसरीकडे गेले होते. किंग यांच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द! मला हे वाचून दुःख झालं, आणि अजून होतं.

याच देशात उलटं उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. केंद्र सरकारने स्वतः निर्माण केलेल्या साहित्यावर इथे कॉपीराइट नसतो. म्हणून चंद्रावर उतरतानाचं अपोलो यानाचं संभाषण, अध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयातल्या टेप, सर्वोच्च न्यायालयातले १९५५पासूनचे युक्तिवाद, हे सगळं कोणीही वाजवू शकतं. या विषयांवरचे पॉडकास्ट ऐकून पाहा. निवेदक कमी बोलतो, दस्तऐवज बोलतो. न्यायमूर्ती मध्येच वकिलाला तोडतात तेव्हाची शांतता आपल्याला स्वतःला ऐकू येते, कोणी तिचं वर्णन करून सांगत नाही. माणसं तीच, माध्यम तेच, मग इतका फरक का पडतो? कारण तिथे कच्चा माल हाताशी असतो.

नाटकाच्या बाबतीत मी दुसऱ्या बाजूचंही मनापासून ऐकतो. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाची लिंकन सेंटरमधली शाखा १९७०पासून ब्रॉडवेचे आणि इतर रंगभूमीचे प्रयोग चित्रित करून ठेवते. बेटी कॉर्विन या बाईंनी एकेका कलाकार संघटनेचं, तंत्रज्ञ संघटनेचं मन वळवून हे काम उभं केलं. संघटनांना भीती होती की चित्रण बाहेर पडलं तर तिकीट कोण काढेल, आणि त्यातला आपला मोबदला कुठे? ती भीती खरी आहे, नटाचं पोट हातावर असतं. म्हणून अट अशी की प्रयोग तिथेच, त्या खोलीत बसून पाहायचे, अभ्यासासाठी. ही अट नसती तर एकही प्रयोग टिकला नसता, हे मान्य. पण ती १९७०च्या काळातली तडजोड होती. पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पडदा पडलेल्या नाटकातली पाच मिनिटं एखाद्या पॉडकास्टमध्ये ऐकू आली तर आज कोणाचं तिकीट बुडतं? अमेरिकेच्या संस्थापकांवरच्या 'हॅमिल्टन' या ब्रॉडवेच्या संगीत नाटकाचं २०१६ मधलं चित्रण २०२०च्या जुलैत डिस्नेने आपल्या वर्गणीच्या ॲपवर लावलं. न्यूयॉर्कचं तिकीट स्वप्नातही न परवडणाऱ्यांनी ते घरी बसून पाहिलं आणि त्यावर वाद घातले. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी कितीजण गुलाम बाळगून होते, आणि नाटकाने ते किती दाखवलं किती झाकलं, याची चर्चा तेव्हा घराघरांत गेली. आणि नाट्यगृहं उघडल्यावर त्या नाटकाला प्रेक्षक कमी पडले नाहीत.

वारसदारांचा प्रश्नही मी झटकून टाकत नाही. काळ्या कलाकारांना त्यांच्या हयातीत रेकॉर्ड कंपन्यांनी लुबाडलं, आता त्यांच्या नातवंडांना चार पैसे मिळत असतील तर ते मिळायलाच हवेत. पण शंभर-एकशे दहा वर्षांच्या मुदतीचा फायदा बहुतेक वेळा कलाकाराच्या घरी जात नाही, तो जातो जुन्या कंपन्यांची कपाटं विकत घेणाऱ्या कंपनीला. रोबसनला स्वतः काय हवं होतं हे त्याने समुद्राखालच्या तारेवरून गाऊन दाखवलं आहे.

माझी मागणी मोठी नाही. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनापासून साठ वर्षं पुरेत. भारताच्या १९५७च्या कायद्यात तेवढीच मुदत आहे, म्हणून बालगंधर्वांच्या बहुतेक तबकड्या आज कोणालाही वाजवता येतात. आपल्याकडे अडचण वेगळी आहे, तबकड्या संग्राहकांच्या कपाटात आणि ओलीत. पण कायदा तरी आडवा येत नाही. दुसरं, ना-नफा भाष्यासाठी एक-दोन मिनिटांचा अंश चालेल असं कायद्याने आकड्यात लिहावं, म्हणजे ॲपच्या यंत्रालाही तो आकडा पाळावा लागेल. आणि सार्वजनिक पैशातून जपलेलं जे काही आहे, ते जपण्यासोबत ऐकवायचीही सोय हवी. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत रोबसनचा ऑथेल्लो आहे, किंग यांचं भाषण आहे, आणि २००८ मधला घरकर्जांच्या संकटावरचा एक रेडिओ-पॉडकास्टही आहे. राष्ट्राचा ठेवा म्हणून ज्यांची निवड होते, ती त्या राष्ट्राच्या शाळेतल्या मुलांना चाळीस सेकंदंही वापरता येऊ नयेत?

२०२५च्या उन्हाळ्यात अमेरिकी संसदेने सार्वजनिक रेडिओ आणि टीव्हीसाठीची एक अब्ज दहा कोटी डॉलरची मंजूर रक्कम मागे घेतली. छोट्या गावांतल्या स्टेशनांकडे दशकानुदशकांच्या टेप आहेत. स्टेशन बंद पडलं तर त्या जपणार कोण? टेप कोणी जपली नाही की काय होतं, हे पहिल्या सुपर बोलच्या वेळी आपण पाहिलं आहे. म्हणून ही घाई.

आमच्या मुलांनी तो भाग टाकून दिला नाही. ती चाळीस सेकंदं कापली आणि त्या जागी मुलीने स्वतःच्या आवाजात दोन वाक्यं घातली: "इथे रोबसन बोलतो. आम्हाला ते लावता येत नाही, तुमच्याकडे रेकॉर्ड असेल तर थोडं थांबा आणि ऐका." त्यानंतर पाच सेकंद काहीच नाही. तिचे आजोबा पुण्यात असतात. तिने त्यांना भाग पाठवला, आणि त्यांनी त्या जागी खरंच थांबून दुसऱ्या फोनवर ते भाषण लावलं. भारतात ते कधीच खुलं झालं आहे. मग व्हिडिओ कॉलवर फोनला फोन लावून त्यांनी ते नातीलाही ऐकवलं. "मी जसा आहे तसंच माझ्याविषयी सांगा," या ओळीपाशी नेटवर्क अडखळलं, तर आजोबांनी ती ओळ परत लावली.